सुई बदलली तरी पेन तेच राहतं: घरच्या रक्ततपासणीतला संसर्गाचा धोका

एका ताईंनी काळजीने विचारलं आहे. घरात सासू-सासरे दोघांनाही मधुमेह, ग्लुकोमीटर एकच आणि बोट टोचायचं पेनही एकच. शेजारच्या काकू आठवड्यातून एक-दोनदा येऊन त्याच पेनने शुगर बघून जातात. ‘सुई मात्र प्रत्येकासाठी नवी लावतो,’ असं त्या आवर्जून लिहितात. गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत काकूंना हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा विषाणूजन्य आजार, असल्याचं निघालं. आणि परवा ताईंच्या आठ वर्षांच्या मुलाने टेबलावर राहिलेली वापरलेली सुई खेळता खेळता स्वतःच्या बोटात टोचून घेतली. ती कोणाची होती ते कोणालाच आठवत नाही. मुलाला एचआयव्ही होईल का, मशीन फेकून द्यायचं का आणि काकूंना ‘येऊ नका’ म्हणायचं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम करणारी परिचारिका आहे. कोणाला सुई टोचली की पहिला फोन आमच्या विभागात येतो. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते, पण सुरुवात मुलापासून, कारण तिथे उशीर चालत नाही.

ताई, आजच त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि जाताना लसीकरणाचं कार्ड न विसरता घ्या. आपल्याकडे हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात २००२ मध्ये काही ठिकाणी आली आणि २०११ मध्ये देशभर पोचली. म्हणजे तुमच्या मुलाला जन्मल्यावर एक डोस आणि मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरच्या एकत्रित) लशीतून तीन डोस मिळालेले असण्याची बरीच शक्यता आहे. कार्डावर ते सगळे भरलेले दिसले, तर डॉक्टर बहुधा लशीचा एक जादा डोस देतील आणि तेवढ्यावर भागेल. डोस अर्धवट असतील किंवा कार्डच सापडत नसेल, तर लशीसोबत हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागू शकतं. ते टोचल्यापासून चोवीस तासांत दिलेलं सगळ्यात चांगलं. तो वेळ गेला असला तरी सात दिवसांच्या आत त्याचा उपयोग होतो, पुढे फारसा नाही. म्हणून ‘रविवार जाऊ दे, सोमवारी बघू’ असं करू नका.

एचआयव्हीबद्दल तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत. तशी भीती वाटणं स्वाभाविक आहे, पण तुमच्या घरातल्या प्रसंगात ती सगळ्यात लांबची शक्यता आहे. रुग्णालयात एचआयव्हीबाधित रुग्णाच्या ताज्या रक्ताची पोकळ सुई कर्मचाऱ्याला टोचली, तरी संसर्ग होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन आहे. शुगर बघायची सुई भरीव असते, तिच्या पोटात रक्त साठत नाही. ती टेबलावर पडून वाळलेली होती, आणि शरीराबाहेर वाळल्यावर हा विषाणू फार तग धरत नाही. शिवाय घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणाला एचआयव्ही असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तरीही डॉक्टरांना सगळा प्रसंग सांगा. प्रतिबंधक गोळ्या द्यायच्याच ठरल्या तर त्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या, आणि ७२ तासांनंतर त्या देत नाहीत. २८ दिवसांचा हा कोर्स सरकारी रुग्णालयात मोफत मिळतो. तुमच्या बाबतीत त्याची गरज पडणार नाही असा माझा अंदाज आहे, पण शेवटचा शब्द मुलाला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

हिपॅटायटिस बीचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि त्याची भीती कोणालाच वाटत नाही हे मला दर वेळी खटकतं. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरात सहा ते तीस जणांना संसर्ग होतो. हे प्रमाण रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहेत यावर ठरतं. एका मिलिलिटर रक्तात ते कधी कधी दहा कोटींच्याही वर असतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा थेंबही पुरतो. आणि वाळलेल्या रक्तात हा विषाणू निदान सात दिवस जिवंत राहतो. एचआयव्हीवर लस नाही. याच्यावर आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात लहान मुलांना फुकट मिळते, आणि तरी तुमच्या-माझ्या वयाच्या बहुतेकांनी ती घेतलेली नसते.

आता तुम्ही अगदी विश्वासाने लिहिलेल्या वाक्याकडे येते: ‘सुई मात्र प्रत्येकासाठी नवी लावतो.’

पेनचं पुढचं टोपण काढा आणि आतली बाजू खिडकीच्या उजेडात धरा. सुई जिथून बाहेर येते त्या बारीक भोकाच्या कडेला, आतून, तपकिरी डाग दिसेल. काही पेनांत त्याची चक्क पापुद्र्यासारखी पपडी धरलेली असते. बटण दाबलं की स्प्रिंगच्या जोराने सुई पुढे येते, कातडीत शिरते आणि त्याच झटक्यात मागे जाते. मागे जाताना टोकावरचं रक्त टोपणाच्या आत उडतं. वरून, रक्ताचा थेंब नीट यावा म्हणून आपण बोट टोपणावर दाबून धरतो, तेव्हा भोकाच्या कडेलाही रक्त लागतं. पुढच्या माणसासाठी तुम्ही सुई नवी लावलीत, पण त्याचं बोट दाबलं गेलं ते याच कडेवर, आणि नवी सुई बाहेर आली ती याच भोकातून. त्याची ताजी जखम आधीच्या माणसाच्या रक्ताला टेकली.

ही माझी शंका नाही, घडलेल्या गोष्टी आहेत. १९८९-९० च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात मधुमेहाच्या रुग्णांमध्ये हिपॅटायटिस बी पसरला. शोध घेतल्यावर कारण निघालं ते स्प्रिंगचं टोचणी-यंत्र. त्याचा बोटाला टेकणारा भाग प्रत्येक रुग्णानंतर काढून टाकायचा होता, तो तसाच राहत होता. फ्रान्समधल्या एका रुग्णालयातून त्याच सुमाराला तशीच हकीकत प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये अमेरिकेच्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात वृद्धांच्या एका निवासात शुगर तपासताना टोचणी एकमेकांना वापरली गेली. आठ जणांना हिपॅटायटिस बी झाला आणि त्यांतले सहा जण दगावले. धडधाकट तरुणाला हा आजार झाला तर शरीर बहुतेक वेळा त्याला परतवून लावतं. सत्तरीतल्या मधुमेही शरीराला तो झेपत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने आणि अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट बजावलं की बोट टोचायचं साधन एकापेक्षा जास्त माणसांना कधीही वापरू नये. ‘सुई बदलली असली तरीही’ हे त्यात गृहीत आहे. पुढच्या वर्षी तिथे साठीच्या आतल्या सगळ्या मधुमेहींना हिपॅटायटिस बीची लस द्यावी अशी शिफारस झाली, ती याच घटनांमुळे.

म्हणून ताई, तुमचं पेन आजच बाद करा. सासूबाईंना एक, सासऱ्यांना एक, अशी दोन नवी पेनं आणा. औषधाच्या दुकानात ती सुटी मिळतात आणि महिन्याच्या स्ट्रिप्सच्या खर्चापुढे त्यांची किंमत किरकोळ आहे. दोन रंगांची मिळाली तर उत्तम. नाही तर नेलपॉलिशने ठळक खूण करा. चिकटपट्टीवरची नावं पाण्याने आठवड्यात पुसली जातात. नवरा-बायकोचं पेनही वेगळंच हवं. ‘आम्ही एका ताटात जेवतो, मग पेनाचं काय’ हा युक्तिवाद मी फार ऐकला आहे. हिपॅटायटिस बी ताटातून पसरत नाही, रक्तातून पसरतो.

मीटर फेकू नका. आजकालच्या बहुतेक मीटरांत स्ट्रिपचं टोक बाहेर राहतं आणि रक्त तेवढंच टेकतं, यंत्राच्या आत जात नाही. धोका आहे तो मीटरच्या बाहेरच्या अंगाला. रक्त लागलेल्या बोटांनी आपण ते उचलतो, आणि रुग्णालयांत तपासणी केली तेव्हा दिसायला लख्ख असलेल्या मीटरांवरही रक्ताचे अंश सापडले आहेत. शक्य असेल तर मीटरही माणशी एक असावं. दोघांत एकच परवडत असेल, तर प्रत्येक वापरानंतर ते पुसायला हवं. स्पिरिटच्या कापसाने भागतं असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंसाठी स्पिरिटवर विसंबता येत नाही. सोडियम हायपोक्लोराइटचा एक भाग आणि नऊ भाग पाणी असं द्रावण त्याच दिवशी बनवा, त्यात फडकं भिजवून घट्ट पिळा आणि मीटर आधी एकदा साफ करण्यासाठी व मग पुन्हा एकदा निर्जंतुक करण्यासाठी पुसा. स्ट्रिपच्या खाचेत ओल जाऊ देऊ नका. काही कंपन्यांच्या मीटरांना हे द्रावण चालत नाही, म्हणून सोबतच्या पुस्तिकेत सफाईचं पान आधी वाचा. तिथे वेगळं सांगितलं असेल तर तेच करा. काकूंनी मात्र इथून पुढे स्वतःचं मीटर आणि स्वतःचं पेन वापरावं.

काकूंना ‘येऊ नका’ म्हणू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या चहाच्या कपाने, शेजारी बसण्याने, मिठी मारण्याने, त्यांच्या हातच्या पुरणपोळीने कोणालाही हिपॅटायटिस बी होणार नाही. आजार त्यांच्याकडून तुमच्याकडे आला की तुमच्या घरातून त्यांच्याकडे गेला, हेही आज कोणाला सांगता येणार नाही. पेन सगळ्यांनी वापरलं आहे, तपासणी फक्त त्यांची झाली आहे. बाळपणी आईकडून लागण होऊन साठ वर्षं काहीही त्रास न देता हा विषाणू शरीरात राहिल्याची उदाहरणं रोजची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांना दीर्घकालीन हिपॅटायटिस बी होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. काकूंनी घाबरून झाडपाल्याच्या औषधामागे लागू नये. पोटविकारतज्ज्ञांना दाखवावं, यकृताच्या तपासण्या आणि रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण बघून घ्यावं. औषध लागेलच असं नाही. लागलं तर चांगल्या गोळ्या आहेत. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. त्यांच्या घरच्यांनीही तपासून घेऊन लस घ्यायला हवी.

सासूबाई, सासरे आणि त्या पेनाला कधीही बोट लावलेले घरातले सगळे, यांनी रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना हिपॅटायटिस बीच्या तीन तपासण्या मागा: आजार आहे का, पूर्वी येऊन गेला का आणि संरक्षण आहे का. लॅबच्या कागदावर त्या एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस अशा नावांनी येतात. सोबत हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचीही करा, म्हणजे मनातली शंका एकदाची जाईल. काकूंनी पेन शेवटचं वापरल्याला सात दिवस झाले नसतील, तर अहवालाची वाट न बघता आजच डॉक्टरांशी बोला; मुलासाठी सांगितलेलं इंजेक्शन मोठ्यांनाही लागू शकतं. ज्यांना आजार नाही आणि संरक्षणही नाही, त्यांनी लस सुरू करावी: आज एक, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा डोस. मधुमेहींमध्ये आणि वयस्करांमध्ये ही लस कधी कधी नीट लागू पडत नाही, म्हणून तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पुन्हा करा. आकडा दहाच्या वर आला की संरक्षण मिळालं असं धरतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे: एकाच माणसाने स्वतःची सुई पुन्हा वापरली तर? कंपनी सांगते प्रत्येक वेळी नवी. आणि खरी परिस्थिती ही की घरोघरी एक सुई आठवडाभर चालते. स्वतःच्याच रक्ताने स्वतःला हिपॅटायटिस होत नाही. सुई बोथट होते, जास्त दुखते, बोटाच्या कडा निबर होतात, आणि क्वचित टोचल्याजागी पू होतो. पैशांची ओढ असलेल्या घरात मी माणसाला रागावत नाही. निदान रोज सकाळी नवी लावा आणि हात धुतल्याशिवाय टोचू नका असं सांगते. ज्यांची शुगर फार वर राहते, जखमा लवकर भरत नाहीत, किंवा केमोथेरपी, डायलिसिस असं काही सुरू आहे, त्यांनी मात्र प्रत्येक वेळी नवीच सुई घ्यावी, तिथे सवलत नाही. पायाच्या बोटाला तर कोणीच टोचू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते आणि तिथली बारीक जखमही कुठवर जाईल ते सांगता येत नाही.

हात साबणाने आणि पाण्याने धुवा, आणि पूर्ण कोरडे करा. यात दोन कामं होतात. जंतू जातात, आणि आंबा कापलेल्या हाताची साखर थेंबात मिसळून शुगर खोटी वाढलेली दिसत नाही. स्पिरिट लावलंच तर वाळू द्या. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दर वेळी बोट बदला.

घरात दुसऱ्याची शुगर बघून देणाऱ्याला सुई टोचते ती बहुतेकदा टोचून झाल्यावर, पेनातून सुई ओढून काढताना. ही रीत लक्षात ठेवा. सुईचं जे गोल टोपण आपण पिळून तोडतो, ते टेबलावर सपाट पडू द्या, हातात धरू नका. पेनचं पुढचं टोपण काढा, उघड्या सुईचं टोक वरून त्या गोलाच्या मध्ये दाबून रुतवा, आणि मग बटण ढकलून सुई थेट डब्यात पाडा. दोन्ही हात एकमेकांसमोर आणायचेच नाहीत. पेनला सुई ढकलून टाकायचं बटण आहे का, हे विकत घेतानाच बघा. मोतीबिंदू किंवा कंपवात असलेल्या माणसासाठी, किंवा लहान मूल असलेल्या घरासाठी, एकदा वापरल्यावर सुई आपोआप आत जाऊन अडकणारी लॅन्सेट (बोट टोचायची सुई) मिळते. थोडी महाग आहे. तुमच्या घरी मी तीच सुचवेन, कारण ती परवा टेबलावर पडली असती तरी मुलाला टोचलीच नसती.

डबा म्हणजे जाड प्लास्टिकचा, झाकण घट्ट फिरणारा. कपडे धुण्याच्या लिक्विडची रिकामी बाटली चांगली. पाण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून आरपार येते. वर मार्करने ‘सुया’ लिहा आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी पण टोचायच्या जागेजवळच ठेवा. डबा दुसऱ्या खोलीत असला की सुई टेबलावरच राहते. पाऊण भरला की झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा. मग तुमची लॅब किंवा रुग्णालय तो घेतं का विचारा. बरीच घेतात, कारण त्यांचा जैववैद्यकीय कचरा उचलणारी गाडी येतच असते. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या आणि तो वेगळा द्यायचा होता. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुटी सुई कधीही टाकू नका. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई आणि इतर शहरांत सफाई कामगार ती पिशवी हाताने उलगडतात. सुई टोचलेला सफाई कामगार आमच्याकडे येतो तेव्हा ती कोणाच्या घरातून आली हे त्याला माहीत नसतं, त्याच्या लशीची खात्री नसते, आणि पुढचे सहा महिने तो तपासण्यांच्या तारखा मोजत असतो. इन्सुलिनच्या सुयांनाही हेच सगळं लागू.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले काही रुग्ण घरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघतात, त्यांचं पेन-लॅन्सेटचं गणित अगदी हेच आहे. दंडावर चिकटवायचा, शुगर सतत मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर एकाच माणसाचा असतो, तिथे फक्त लावण्याच्या जागेची कातडी स्वच्छ असावी आणि लालसर होऊन ठणकू लागली तर तो काढावा. घरी रक्त न्यायला येणाऱ्या लॅबच्या मुलाला सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, हातमोजे नवे घालायला सांगा. नीट शिकलेला मुलगा याचं वाईट वाटून घेत नाही.

सोसायटीत किंवा मंडळात मोफत शुगर तपासणी असेल तर रांगेत उभं राहण्याआधी टेबलावर नजर टाका. तिथे प्रत्येकाला एकाच पेनने टोचत असतील, तर सुई बदलताना दिसली तरी बोट पुढे करू नका आणि आयोजकांना बाजूला घेऊन कारण सांगा. एकदा वापरून टाकायची लॅन्सेट, रुग्णागणिक बदललेले हातमोजे आणि सुयांचा बंद डबा, एवढं टेबलावर दिसायलाच हवं.

आणि मुलाचं एक राहिलं. आजच्या तपासण्या चांगल्या आल्या तरी विषय तिथेच सोडू नका. एचआयव्हीची तपासणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी, हिपॅटायटिस बी आणि सीची सहा महिन्यांनी, असं साधारण वेळापत्रक असतं. त्याच्या डॉक्टरांकडून नेमक्या तारखा लसीकरणाच्या कार्डावरच लिहून घ्या. या मधल्या काळात त्याने शाळेत जावं, डबा वाटून खावा, बहिणीशी मारामारी करावी, आजीच्या कुशीत झोपावं. त्याला काहीही वेगळं ठेवायची गरज नाही.